खुंटाला टांगलेली बाटली

बाटली माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणी दुसऱ्यावर संशय घेत बसायला नको. तिजानीकाका गेला तो माझ्या बाटलीमुळे. मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर कदाचित वाचलाही असता. तोंड मी उघडलं, पण भलत्याच गोष्टीसाठी.

आमच्या देगाश गावच्या खजुराच्या बागांत फवारणी करणारे आम्ही बारा-पंधरा जण. त्यांत मास्क, रबरी मोजे आणि चष्मा लावून पंप पाठीवर घेणारा मी एकटा. बाकीचे गळ्यातला रुमाल नाकावर ओढतात, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात आणि त्याच हाताने भाकरी मोडतात. मी टोकायचो. रोज टोकायचो. म्हणून माझं नाव पडलं डॉक्टर. मी दिसलो की ते एकमेकांना हात धुवायला सांगायचे आणि फिदीफिदी हसायचे. मला राग यायचा, पण आतून बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिजानीकाका माझा सख्खा काका नव्हे. बाप वारल्यावर मला आपल्या बागेत उभं करणारा, पाण्याची पाळी सांभाळायला शिकवणारा हा माणूस. साठी उलटली तरी अनवाणी खजुरावर चढायचा. शेंड्याला छेद देऊन मडकं बांधायचं आणि त्यात पाझरलेली लागमी, म्हणजे खजुराची नीरा, सकाळ-संध्याकाळ उतरवायची, हे त्याचं काम. लागमी ताजी असली की दुधासारखी पांढरी आणि गोड. दिवसभर उन्हात राहिली की आंबते, आणि मग ती दारूच. काकाने आंबलेली कधी विकली नाही, पिणं तर लांबच. उतरवलेली लागमी तो पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून बांधावरच्या जुन्या खजुराच्या खोडावर, हात वर केला की पोचेल अशा झावळीच्या खुंटाला टांगायचा. तिथे सावली असते, आणि शेळ्या, पोरं कुणीच पोचत नाही.

रमजानचा अकरावा दिवस होता. काकाच्या डाळिंबांवर मावा पडला होता, म्हणून सकाळीच पंप घेऊन गेलो. काका बाजारात गेला होता. माव्याचं औषध आधी थोड्या पाण्यात घट्ट कालवून घ्यावं लागतं, मग ते पंपात ओतायचं. माझा झाकणाचा डबा घरी राहिला होता. बांधावर पाण्याची रिकामी बाटली पडली होती, तीत कालवलं. दुसरा कुणी असं करताना दिसला असता तर मी त्याला बागेबाहेर हाकलला असता.

पंपात साधं पाणी भरून दाब दिला, तर वायसर फाटला आणि सगळं पाणी पाठीवरून विजारीत. फवारणी राहिली. हातात बाटली, आत पांढरंफेक औषध. पाटात ओतावं तर ते पाणी पुढे चार बागांना जातं. खाली ठेवावं तर शेळ्या आहेत. औषध उंचावर, सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा, हे मीच गावाला सांगत आलोय. तसंच केलं. झाकण घट्ट लावलं, सुतळी बांधली आणि काकाच्या खुंटाला टांगली. वायसरचं दुकान रमजानमुळे आता रात्रीच उघडणार होतं. घरी आलो, आंघोळ केली, आडवा झालो. बाटली डोक्यातून साफ गेली.

संध्याकाळी काकाने लागमी उतरवली आणि दोन बाटल्या त्याच खुंटाला लावल्या. सूर्य बुडून मगरीबची बांग झाली तेव्हा तो बागेत एकटाच होता. तीन खजूर खाल्ले, हात वर केला आणि हाताला लागली ती बाटली घेतली. चौदा तासांच्या कोरड्या घशाने माणूस चव बघत नाही. घटाघटा प्यायला.

तसाच तो घरापर्यंत चालत आला, याचं मला अजून नवल वाटतं. दारात त्याच्या मुलाने, खमीसने, पाहिलं. बाप झोकांड्या खातोय, तोंडातून लाळ गळतेय, अंग घामाने चिंब, जीभ जड. उंबऱ्यातच ओकला. खमीसला जे वाटलं तेच देगाशमध्ये कुणालाही वाटलं असतं. लागमी उतरवणारा माणूस शेवटी आंबलेली प्यायला, आणि तीही रोजा सोडताना. गल्ली रिकामी होती, सगळे शोरब्यावर बसले होते. खमीसने बापाला आत ओढलं, मागच्या खोलीत टाकलं आणि बाहेरून कडी लावली.

काकाच्या बायकोने, मबरूकाकाकूने, मला बोलावून घेतलं. मोंजीचं ऐकेल तो, म्हणाली. मी जेवण अर्धं टाकून गेलो. दार उघडायला निघालो तर खमीसने हात धरला. बापाचे कपडे खराब झालेत, त्याला असं कुणी बघितलं तर तो उद्या मान वर करायचा नाही, असं म्हणाला. मला ते पटलं. औषधाचा उग्र वास येत असणार, पण तसा वास माझ्या अंगाला वर्षभर असतो. माझ्या नाकाला तो कळत नाही.

आतून काकाचा आवाज आला. "मोंजी, मी काही प्यायलो नाही रे. मला नीट दिसत नाहीये."

आणि मी, गावाचा डॉक्टर, काय म्हणालो? "रमजानमध्ये तरी लाज बाळगायची, काका. झोप आता. सकाळी सगळं नीट दिसेल."

जाताना काकूला म्हणालो, उतरेल सकाळपर्यंत. मग मशिदीत जाऊन त्याच्यासाठी माफीही मागितली. थोड्या वेळाने आतून घरघर ऐकू आली, ती घोरणं समजून त्या दोघांना जरा हायसं वाटलं, असं खमीस मागाहून म्हणाला.

सकाळी नवा वायसर घेऊन बागेत गेलो. खुंटाला दोन बाटल्या होत्या, दोन्ही भरलेल्या. माझी खाली मातीत पडली होती, तळाला घोटभर उरलेली. शेजारी खजुराच्या तीन बिया. बाटली उचलली आणि पळत सुटलो.

खमीस नुकताच कडी काढून आत गेला होता. काका भिंतीला टेकून बसलेला होता, तोंडाशी वाळलेला फेस, अंग गार. मी त्याची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. विषबाधेची ही खूण मी किती जणांना सांगितली होती. दार उघडून एकदा पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं. तोजर शहरातला दवाखाना मोटारीने पंधरा मिनिटांवर आहे.

मी बाटली पुढे धरली आणि सगळं सांगितलं. खमीस माझ्यावर धावून येईल असं वाटलं. यावं असंही वाटत होतं. पण तो कडीकडे बघत राहिला.

मबरूकाकाकूने बाटली हातात घेतली, वास घेतला, परत दिली. "म्हणजे तो प्यायला नव्हता?"

"नाही काकू."

"नक्की?"

"नक्की."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. ती काकाजवळ बसली, ओढणीच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं आणि खमीसला म्हणाली, जा, बाहेर जाऊन सांग सगळ्यांना, तुझा बाप रोजा सोडून शुद्धीत घरी आला होता. मग माझ्याकडे वळली. "तो तेच सांगत होता रे मोंजी. आपण तिघांनीही ऐकलं."

खमीस जागचा हलला नाही. म्हणून ते सांगायला मीच गल्लीत गेलो.