नावावरचं घर

मेट्रनबाईंनी एकतीस वर्षं इस्पितळात काढली. निवृत्तीला दोन वर्षं झाली आणि त्यांना कळलं, की आपण राहतो ते घर आपलं कधी नव्हतंच.

घर घेतलं ते धाकट्या भावाच्या पुढाकाराने. तो बँकेत अधिकारी. वडील गेले तेव्हा दुसरीत होता. त्याची फी, बूट, कॉलेज, सगळं ताईच्या पगारातून झालं. त्यात ताईचं लग्न राहून गेलं, ते राहूनच गेलं. त्यामुळे एक दिवस तो म्हणाला, "ताई, तुझ्या त्या दोन खोल्या विकून टाक. अठरा लाख येतील. वरचे बेचाळीस मी घालतो, घर तुझ्या नावावर घेऊ. आईला घेऊन नीट घरात राहा," तेव्हा त्यांना वाटलं, पोराने पांग फेडले.

"पण माझ्या एकटीच्या नावावर कशाला? तुझंही घाल की."

"तू मला वाढवलंस. माझं नाव कशाला हवं त्यात?"

बिल्डरला एकरकमी ड्राफ्ट दिला तर सूट मिळणार होती. म्हणून अठरा लाखांचा चेक त्यांनी भावाच्या खात्यात भरला. पुढच्या महिन्यात किल्ली हातात आली.

दोन वर्षांनी भावाला अटक झाली. वर्षानुवर्षं ज्यांच्या खात्याला कुणी हात लावला नव्हता अशा म्हाताऱ्या खातेदारांच्या खोट्या सह्या करून तो पैसे काढत होता. जामिनावर सुटून तो घरी आला, तेव्हा आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "वाळलास रे."

मग बँकेची वकीलबाई आली. तरुण, सर्दीने नाक लाल झालेली. चहाला नको म्हणाली.

"चोरीच्या पैशातून जे घेतलं जातं, ते कुणाच्याही नावावर असो, कायदा त्या माणसाला विश्वस्त धरतो," ती म्हणाली. "म्हणजे घर तुमच्या नावावर, पण तुम्ही ते खऱ्या मालकासाठी सांभाळताय. पहिल्या दिवसापासून."

"मी कधी कबूल केलं विश्वस्त व्हायला?"

"यात कबूल करावं लागत नाही."

"यात माझे अठरा लाख आहेत बाई. उभ्या जन्माची कमाई."

"मग कागद दाखवा. तेवढा हिस्सा तुमचा, हे मी स्वतः कोर्टात सांगेन."

कागदांचं मेट्रनबाईंना काय सांगायचं? औषधाच्या एकेका गोळीचा हिशेब ठेवलेली बाई. पावत्या, चेकची अर्धुकं, सगळं तारीखवार फाईलला लावलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी भाऊ धापा टाकत आला. "ताई, ती फाईल जाळ. त्या ड्राफ्टची नोंद बँकेत नाहीये. म्हणजे, सापडत नाहीये त्यांना. नंबर फक्त बिल्डरच्या पावतीवर आहे. तेवढा धागा तुटला की घरापर्यंत कुणी पोचत नाही."

"नोंद सापडत नाही, की तू सापडू देत नाहीस?"

त्याने उठून दार लोटलं. मग म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

त्यांनी फाईल वकीलबाईला नेऊन दिली. पुढे लोक त्यांच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गायचे, तेव्हा त्या मान खाली घालत. प्रामाणिकपणा होताच; पण अठरा लाखही होते.

तीन आठवड्यांनी वकीलबाईने त्यांना ऑफिसात बोलावलं आणि भावाच्या खात्याचा उतारा पुढे सरकवला.

"हा तुमचा चेक. सोमवारी जमा झाला. आधी खात्यात नऊ हजार होते. बुधवारी तुमचे अठराच्या अठरा लाख बाहेर गेले. थोडे गाडीच्या कर्जाला, बाकीचे शेअर दलालाला. परत उरले नऊ हजार. पुढच्या मंगळवारपासून आमच्या खातेदारांचे पैसे आले. सात खाती, साठ लाख. त्या साठाचा ड्राफ्ट निघाला. नंबर तुमच्या पावतीवरचा."

"पैसे काय, दुधात पाणी मिसळल्यासारखेच. माझे कुठले, त्यांचे कुठले, कसं सांगणार?"

"मिसळलेच नाहीत. तुमचे आधीच सांडून गेले होते."

"आणि ती गाडी? ते शेअर?"

"गाडी त्याने विकून खाल्ली. शेअर बुडाले. माग काढायला काही उरलेलं नाही." वकीलबाईने नाक पुसलं. "मला वाईट वाटतं, मेट्रन. खरंच."

मेट्रनबाईंनी पेन्सिल मागून घेतली आणि प्रत्येक तारखेवर खूण करत उतारा पुन्हा तपासला. चूक नव्हती.

घरी भाऊ आईजवळ बसला होता.

"बुधवारी एवढी काय घाई होती रे? आठवडाभर तरी ठेवायचे होतेस माझे पैसे."

"ताई, मी भरणारच होतो परत."

"भरलेस की. म्हाताऱ्यांच्या पैशांनी." त्यांचा आवाज चढला नाही. "सगळ्यांत आधी माझेच उचललेस. मी ओरडणार नाही, हे तुला ठाऊक होतं."

कोर्टात त्यांच्या वकिलाने हरतऱ्हेने सांगून पाहिलं. न्यायाधीश म्हणाले, बाई निर्दोष आहेत यात शंका नाही. पण त्यांचा एक पैसाही या घरात आलेला दिसत नाही. अठरा लाख त्यांनी भावाकडून वसूल करावेत. भावाकडे अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. त्याच्याकडून वसुली करायलाही रांग होती, आणि रांगेत पुढे बँक.

बाहेरच्या बाकावर शिवणकाम करणारी एक म्हातारी बसली होती. सातांपैकी एक खातं तिचं.

"ते घर कसं आहे हो?" तिने विचारलं. "हवेशीर आहे का? माझ्या पैशांचं आहे, म्हणून विचारलं."

"हो," मेट्रनबाई म्हणाल्या. "पूर्वेला मोठी खिडकी आहे."

"बरं झालं. निदान वापरलं कुणीतरी."

तिला दुखवायचं होतं की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

भावाला पाच वर्षांची शिक्षा झाली. घर लिलावात गेलं. मेट्रनबाईंनी भाड्याची एक खोली घेतली आणि एकसष्टाव्या वर्षी खाजगी दवाखान्यात ड्रेसिंग करायच्या कामाला लागल्या. आई त्यांच्याकडेच राहिली. दुसरीकडे जाणार कुठे?

एका दुपारी त्या कामावरून आल्या, तर आई दारात खुर्ची टाकून शेजारणीशी बोलत होती. "माझ्या लेकाने चांगलं तीन खोल्यांचं घर घेऊन दिलं होतं हो. हिला सांभाळता आलं नाही. नेऊन दिले कागद त्यांच्या हातात."

शेजारीण ओशाळून उठली. मेट्रनबाई आत गेल्या, हात धुतले, आणि आईची ब्लडप्रेशरची गोळी आणि पाणी घेऊन बाहेर आल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "चावू नकोस, गिळ."