चौतीस पिल्लं

महिनाभराने दवाखान्यातून घरी आला तेव्हा ऑर्व्हिल अंगातला कोट न काढताच तळघराकडे निघाला. छातीला टाके, हातात काठी, आणि मागून बायको ओरडतेय, "अरे, जिने चढायला बंदी आहे तुला!"

"मी उतरतोय, मेव्हिस."

खाली माशांच्या अकरा टाक्या होत्या, पण त्याचा जीव एकाच टाकीत अडकला होता. सिक्लिड जातीचे बोटाएवढे बुटके मासे. त्याच्या मित्राने, क्लेटनने, वीस वर्षांपूर्वी कोलंबियातल्या एका ओढ्यातून आणलेले. तो ओढा बुजला, क्लेटनही गेला. आता हा वाण ऑर्व्हिलच्या या टाकीबाहेर कुठेच नव्हता, आणि टाकीतही माद्यांपैकी उरली होती एकच, म्हातारी. जानेवारीत तिने करवंटीत अंडी घातली, हळदीसारखी पिवळी होऊन राखणीला बसली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑर्व्हिलच्या छातीत कळ आली.

आता करवंटीभोवती पिल्लं होती. मादी नव्हती.

"तू गेल्यावर आठवड्याभरात गेली ती," मेव्हिस म्हणाली. चाळीस वर्षं 'तुझी ती चिंगळं' म्हणून नाक मुरडणारी बाई, पण तिचे डोळे भरून आले होते. "म्हटलं, आई गेली, आता यांना ऊब कोण देणार? त्यात मिलवॉकीचा जानेवारी! हीटर चांगला वर चढवला. एकही दगावलं नाही, ऑर्व्ही. चौतीस आहेत. रोज मोजते."

ऑर्व्हिलने पारा पाहिला. शहाऐंशी फॅरनहाइट. तो अठ्ठ्याहत्तरवर ठेवून गेला होता.

या माशांचं असंच असतं. पहिल्या महिन्यात पाणी फार गरम राहिलं की पिल्लं नर होतात, आणि एकदा ठरलं की ठरलं. मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या नवख्यांना त्याने हे शंभरदा बजावलं होतं. बायकोला कधी सांगितलं नाही, कारण तिने कधी विचारलंच नाही. आता ओरडायचं तरी कुणावर? त्याने हीटर खाली केला. काही उपयोग नव्हता, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

मग रोज तो भिंग घेऊन टाकीसमोर बसू लागला. एक तरी पिवळं निघू दे, एकच मादी. मे उजाडेपर्यंत एकेकाचे पंख लांबले, शेपटीला लाल काठ आले. चौतीसच्या चौतीस नर.

"कसे देखणे निघालेत बघ!" मेव्हिस म्हणाली. "मी लोरेटाला फोन केला. नवरा गेला तरी क्लेटनची टाकी तिने अजून मोडलेली नाही. रविवारी येतेय, एक जोडी न्यायला. रडत होती बिचारी फोनवर. कुठली द्यायची रे?"

ऑर्व्हिल जाळी धरून उभा होता. त्याने जाळी तिच्या हातात दिली.

"तूच निवड," तो म्हणाला.

मेव्हिसने चष्मा पुसला, आणि काचेला नाक लावून ती त्या चौतिसांत एक मादी शोधू लागली.