तीन ग्लासची ओळ

लोणावळ्यातल्या त्या क्लासमध्ये सात कॉम्प्युटर होते, त्यांतले पाच चालत. मुलं दहा. गच्चीवर एक पर्जन्यमापक आणि त्याच्यासोबत काचेचा एक मोजग्लास, ज्यावरच्या रेघा शंभर मिलिमीटरला संपत. पाऊस त्याहून जास्त झाला की ग्लास भरायचा, ओतून द्यायचा, परत भरायचा, आणि नोंद करताना मध्ये अधिकचं चिन्ह टाकायचं, ही धम्मदीप सरांच्या क्लासची पद्धत. जुलैच्या फाइलमध्ये एकतीस दिवसांच्या एकतीस ओळी होत्या.

त्या फाइलवरून महिन्यातला सर्वांत मोठा पाऊस शोधणारा प्रोग्राम लिहायचा, एवढंच त्या दिवशीचं काम. पण वराळ्याला नवी बॅच सुरू होणार होती आणि शिकवायला मदतनीस म्हणून सर दोघींपैकी एकीला नेणार होते. अम्मारा की यशोधरा, हे आज ठरणार होतं.

अम्मारा फिजिक्सची पदवीधर. वर्षभर चाचांच्या दुकानात बसून भुशी धरणावर जाणाऱ्यांना रेनकोट विकत होती. क्लासमध्ये तिच्याइतकं भराभर कुणाला जमत नसे. निदान यशोधरा येईपर्यंत तरी तसंच होतं. यशोधरा वडिवळ्याची, जूनअखेरीस आली, दोन बोटांनी टाइप करायची. प्रोग्राममध्ये आकड्याला नाव म्हणून सगळे एक्स, वाय लिहीत तिथं ती सरळ 'पाऊस' लिहायची आणि पायथन, म्हणजे त्यांची प्रोग्रामची भाषा, ते मुकाट्यानं चालवून घ्यायची. सरांनी तिचा प्रोग्राम भिंतीवर दाखवून म्हटलं होतं, असं लिहावं, वाचणाऱ्याला कळतं. ते 'असं' अम्माराच्या डोक्यातून गेलं नव्हतं. यशोधराच्या डब्यातली तांदळाची भाकरीसुद्धा आताशा तिच्या डोळ्यांत खुपे.

अम्मारानं आकडे वाचायला घेतले. फाइलमधून येतो तो मजकूर, त्याचा आकडा करायला इंट लावायचा, हे तिच्या बोटांत बसलं होतं. चालवल्यावर मात्र पडद्यावर लाल अक्षरं आली. व्हॅल्यू एरर, म्हणजे या मजकुराचा आकडा होत नाही. फाइल टाइप केली होती यशोधरानं, तेव्हा घाण तिनंच केली असणार, याबद्दल अम्माराला शंका वाटली नाही. उलट बरंच वाटलं. कोणती ओळ ते न बघता तिनं प्रोग्रामला सांगितलं, जिचा आकडा होत नाही ती ओळ सोड आणि पुढे चल. उत्तर आलं अठ्ठ्याण्णव. तिनं हात वर केला. सर दुसऱ्या टोकाला होते, येतो म्हणाले.

तेवढ्यात यशोधरानं खुर्ची जवळ ओढली.

"अम्माराताई, माझंबी अठ्ठ्याण्णवच येतंय. लय कमी वाटतंय. त्या रविवारी आमच्याकडचा पूल बुडालता."

अम्मारानं तिच्या पडद्याकडे पाहिलं. इंट कुठंच नव्हता. मजकूर तसाच एकमेकांशी ताडलेला, म्हणजे नऊनं सुरू होणारी ओळ एकनं सुरू होणाऱ्या ओळीपेक्षा मोठी, मग पुढे काहीही असो. चूक अम्माराला लगेच दिसली. इंट लावला की लाल अक्षरं येणार, हेही ठाऊक होतं. आणि सर याच बाजूला निघाले होते.

"इंट लाव," ती म्हणाली. "बस, तेवढंच राहिलंय."

पुढचं तिनं सांगितलं नाही.

सरांनी आधी अम्माराचं उत्तर पाहिलं आणि नुसतं हं म्हटलं. मग ते यशोधराच्या मागे जाऊन उभे राहिले. तिनं एंटर दाबलं. लाल. मागच्या बाकावरचा प्रज्ञेश म्हणाला, वडिवळ्याचं धरण फुटलं बहुतेक, आणि दोघंतिघं हसले. अम्मारा हसली नाही, पण बरं किती वाटलं ते तिचं तिला माहीत.

यशोधरा मात्र पडद्याला नाक लावून लाल ओळ वाचत होती.

"शंभर अधिक शंभर अधिक पस्तीस," ती हळूच म्हणाली. "सर, ही तर आपली तीन ग्लासची ओळ हाय. ह्याचा येकदम आकडा कसा व्हईल? आधी तोडाया पायजे."

 ते तीन ग्लास त्या रविवारी अम्मारानंच भरले होते, गच्चीवर, यशोधरानं वर धरलेल्या छत्रीखाली.

यशोधरानं दोन बोटांनी, सावकाश, प्रत्येक ओळ अधिकच्या चिन्हापाशी तोडली, तुकड्यांचे आकडे केले आणि त्यांची बेरीज घेतली. आपलाही प्रोग्राम लगेच तसा दुरुस्त करावा असं अम्माराला वाटलं, पण सर आता तिच्याच टेबलावर हात टेकून बघत होते.

"दोघींनी अजून एक करा," ते म्हणाले. "किती ओळी मोजल्या, तेही छापा."

दोघींनी एंटर दाबलं.

अम्मारा: ओळी २७, सर्वांत मोठा पाऊस ९८ मिलिमीटर.

यशोधरा: ओळी ३१, सर्वांत मोठा पाऊस २३५ मिलिमीटर.