दुप्पट वेगाची मालिका

चेंगदूतल्या आमच्या डंपलिंगच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, पण हाताला उसंतही नसते. पाऱ्या लाटता लाटता मी पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून प्रेमाची मालिका बघते, तीही दुप्पट वेगाने. चाळीस भाग सावकाश बघायला सवड कुणाला आहे?

"काय फालतूपणा! एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक असून त्या पोरीच्या बुटाची नाडी बांधतोय," पाऱ्यांत सारण भरता भरता मोबाइलकडे बघत माझा नवरा योंगशेंग करवादला.

"बांधू दे की. तुझ्या पोटात का दुखतं?"

तेवढ्यात मी पिठाच्या बोटाने वेग कमी केला.

"आता का गं हळू?"

पडद्यावर नायक त्या पोरीला विचारत होता, "दमलीस का?"

"एवढं एकच वाक्य मी सावकाश ऐकते," मी म्हटलं.

"हं," म्हणत योंगशेंगने रिकामं ताट पुढे सरकवलं. "पाऱ्या संपल्या. हात चालव."

मी मालिका जरा मागे नेली आणि ते वाक्य पुन्हा ऐकलं.