स्टेशनाशेजारचं लग्न

बोहोर काकांनी मोर्दोला एकदा दारातूनच परतवून लावलं होतं. ग्रीसमधल्या सलोनिकाच्या बंदरावर बोटींतली पोती उतरवणारा तो गडी. सणाचा सदरा घालून, बदामाच्या मिठाईचा पुडा घेऊन काकांच्या मुलीला, दुदूनला, मागणी घालायला आला होता. काका कापडाच्या पेढीवर गुमास्ता. म्हणाले, "हमालाच्या घरात मुलगी देऊ? लोक काय म्हणतील?"

दुदून आत वांगी भाजत होती. तिला कुणी विचारलंच नाही. पुढे आई गेली, काकांच्या पायांतलं बळ गेलं, आणि त्यांचं करता करता दुदूनचं लग्नाचं वय उलटून गेलं. मोर्दोनंही लग्न केलं नाही. रस्त्यात भेटला की "काका बरे आहेत ना?" एवढंच विचारायचा आणि पुढे जायचा.

मग जर्मन आले. दुदून-मोर्दोसारख्या सगळ्या ज्यूंच्या छातीवर पिवळा तारा आला, आणि त्रेचाळीसच्या मार्चमध्ये स्टेशनाशेजारच्या गरीब वस्तीभोवती फळ्यांचं कुंपण उभं राहिलं. एकेक गल्ली रिकामी करून माणसं आधी त्या कुंपणात नेत, मग तिथून गाडीत भरत. दूर पोलंडात, क्राकोव्हला काम देणार, घरं देणार, असं सांगत.

दुदूनच्या गल्लीची पाळी आली त्या सकाळी काकांना खुर्चीतून उठवेना. बाहेर पोलीस खेकसत होते. दुदून बखोटीला धरून ओढत होती, रडतही होती. तेवढ्यात मोर्दो आत आला. आपलं गाठोडं त्यानं तिच्या हातात दिलं आणि काकांसमोर पाठ करून खाली बसला.

"चढा, काका."

"मी? तुझ्या पाठीवर?"

"या पाठीवरून पियानो नेलेत मी. एकानंही कुरकुर केली नाही."

काका चढले. कुंपण दिसायला लागलं तेव्हा हळूच म्हणाले, "जरा टेक कुठेतरी. घामानं भिजलायस."

आत एकेका खोलीत चार-चार बिऱ्हाडं कोंबली होती. आणि तिथे लग्नांची एकच घाई उडाली. क्राकोव्हला जोडप्यांना वेगळी खोली देतात, अशी बोलवा उठली होती. धर्मगुरू मांडव म्हणून वर धरलेल्या एका चादरीखाली पाच-सहा जोडपी उभी करून मंत्र म्हणत. ते बघत बसलेले काका एका दुपारी सगळ्यांदेखत म्हणाले, "मोर्दो, माझी मुलगी करतोस?"

दुदून घेवडा निवडत होती. तिच्या हातून ताटलीच निसटली. "बाबा! तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून नाही म्हणालात, आणि आता एका खोलीसाठी मला देऊन टाकताय?"

काका म्हणाले, "आता लोक राहिलेत कुठे, पोरी?"

ती तडक उठून नळावर गेली. मोर्दो मागोमाग आला. नळाची धार मोठी करून हलक्या आवाजात म्हणाला, "रेल्वेतला एक ग्रीक दोस्त आहे. मला बाहेर काढतो म्हणतोय, वर डोंगरात. तुलाही नेईल. फक्त काका..."

"जा तुम्ही," दुदून म्हणाली. "डोंगरात मिळेल एखादी मेंढपाळाची मुलगी. दूधदुभतंही होईल."

तो हसला. मग ओले हात सदऱ्याला पुसले. "त्या वेळी मी काकांना विचारलं, तुला विचारायचं राहूनच गेलं. माझ्याशी लग्न करशील?"

दुदूननं नळ बंद केला. म्हणाली, "करीन. पण हा सदरा आधी धुवायला द्या."

येत नाही, असं त्यानं दोस्ताला कळवलं. दोन दिवसांनी चादरीखाली उभी राहिलेली जोडपी पाच होती. त्यात एक जोडपं इतकं कोवळं होतं की मुलगी सारखी फिसकन हसत होती. जेवण म्हणजे भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. काकांना पेटीवर बसवलं होतं. त्यांनी हात दोघांच्या डोक्यांवर ठेवले, आशीर्वाद अर्ध्यात विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हणाले.

आठवड्याच्या आत त्यांची गाडी लागली. डब्यात हलायला जागा नव्हती. मोर्दो भिंतीला हात टेकवून कमान करून उभा राहिला, म्हणजे आतल्या तेवढ्या जागेत दुदूनला श्वास घेता यावा आणि काकांना बसता यावं. गाडी कित्येक दिवस चालली. उतरवलं ते क्राकोव्ह नव्हतंच. आरडाओरडा, कुत्री, बायका इकडे, पुरुष तिकडे, म्हातारे ट्रकमध्ये. मोर्दो काकांना उचलायला वाकलेला तिनं पाहिला. मग गर्दी मध्ये आली.

दोन वर्षांनी, लढाई संपल्यावर, दुदून छावणीतून एकटी परत आली. घरात परकी माणसं राहत होती. कोपऱ्यावरच्या पाववाल्या कातिनाबाईंनी तिला ओळखलं, पायरीवर बसवलं, हातात गरम पाव दिला. "घरचं कोण कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"बाबा," दुदून म्हणाली. "आणि माझा नवरा."

हा शब्द तिनं आजवर कुणापुढे उच्चारला नव्हता. स्वतःच्याच कानांना तो नवा वाटला.

"नवरा?" कातिनाबाई दचकल्या. "तुझं लग्न कधी झालं?"

दुदूननं पाव मांडीवर ठेवला आणि सांगायला लागली. चादर कुणी धरली होती, कोणती मुलगी हसत होती, धर्मगुरूंचा आवाज कसा बसला होता. पाव गार झाला. कातिनाबाईंची गिऱ्हाइकं दारात उभी होती, पण कुणी तिला थांबवलं नाही.