नऊ मिनिटांचं माप

मी किरणोपचाराच्या खोलीतलं जुनं घड्याळ बोलतोय. काच तडकली आहे, पण स्वभाव तोच, नाकासमोर चालणारा. मिनिटाचीही लबाडी मी कधी केली नाही.

करून भागणारच नव्हतं म्हणा! लहान मुलं यंत्राखाली हलू नयेत म्हणून त्यांना भूल द्यायचे, आणि भुलीचं बिल मिनिटांवर व्हायचं. भूल द्यायला घेतली की डॉक्टरीणबाई मान वर करून मला बघायच्या आणि कागदावर वेळ लिहायच्या. मूल जागं होऊन नर्सच्या ताब्यात गेलं की पुन्हा. मग तो कागद बिलांच्या खिडकीतले काका तपासायचे. भलता काटेकोर माणूस. रकाना रिकामा दिसला की कागद परत. आमचं दोघांचं छान जमायचं.

छोटी आली तेव्हा पाच वर्षांची होती. डोक्यात गाठ. तीस दिवस रोज किरणं, रोज भूल, आणि भुलीसाठी रोज सकाळी पोट रिकामं. पोर वाळत चालली. पंधराव्या दिवशी वजन बघून डॉक्टरीणबाई तिच्या बाबांना म्हणाल्या, "आणखी उतरलं तर उपचार मध्येच थांबवावे लागतील. भुलीशिवाय नऊ मिनिटं पडून राहील का हो?"

"ही? हिच्या पायाला भिंगरी आहे, बाई."

"कधीच शांत नसते?"

बाबा शिंपी होते. जरा विचार करून म्हणाले, "माप घेताना तेवढी उभी राहते."

दुसऱ्या दिवशीही तिला उपाशीच आणलं, जमलं नाही तर भूल द्यायला. तिला झोपवून सगळे बाहेर गेले, जड दार लागलं. आत ती आणि मी. माझा जीव टांगणीला लागला. मग भिंतीवरच्या स्पीकरमधून बाबांचा आवाज आला.

"छोटे, माप घेतोय हं. हललीस तर फ्रॉक तिरका होईल. हा खांदा... ही बाही... आता गळा."

पाच मिनिटांत बाबांची मापं संपली. मग ते खिसे सांगू लागले. एक रुमालाचा, एक खडूंचा, एक नुसताच. थांबले नाहीत. जन्मात पहिल्यांदा मला घाई करावीशी वाटली. केली नाही. अकराव्या खिशाला नऊ मिनिटं भरली. छोटी तसूभर हलली नव्हती.

दुपारी काका कागद घेऊन स्वतः आले. "बाई, वेळ लिहायची राहिली."

"राहिली नाही. भूल दिलीच नाही."

"मग ही झोपली कशी?"

छोटी बाकावर बसून बिस्किट खात होती. "मी झोपले नव्हते, काका. माप देत होते."

काकांनी चष्मा पुसला. रिकाम्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

पुढचे सगळे दिवस ती दूध पिऊन आली. तिसाव्या दिवशी अंगात नवा फ्रॉक होता. अकरा खिसे! मला दाखवायला गिरकी घेतली तिने.

त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या जागी आकडे चमकवणारं घड्याळ आलं. मी आता जुन्या कागदांच्या खोलीत कपाटावर पडून असतो. खालच्या हजारो कागदांवर माझीच वेळ आहे, मिनिटामिनिटाची. तिच्या पंधरा कागदांवर मात्र काकांची रेघ आहे.

रद्दी काढाल तेव्हा मला खुशाल देऊन टाका. तेवढे पंधरा कागद ठेवा.