जोड धरेपर्यंत

“हलू नकोस,” धाकटी म्हणाली आणि सिरिंजची सुई तिने फटीला टेकवली.

थोरल्या भावाने उभी शीट दोन्ही तळव्यांत धरली होती. माशांच्या टाकीची, त्याच्या छातीपर्यंत येणारी, जाड, आरपार दिसणारी अॅक्रिलिकची भिंत. टेबलावर मांडलेल्या तळावर ती बारीक तारांच्या टेकूवर उभी होती. सुई सरकत गेली तसं पाण्यासारखं पातळ, शीट सांधणारं सॉल्व्हंट फटीत आपोआप ओढलं गेलं आणि पांढुरकी कड या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार स्वच्छ होत गेली. एरवी हे बघताना धाकटीचा जीव सुपाएवढा व्हायचा. आज ती दातओठ खात काम करत होती.

“किती वेळ उभं राहायचं असं?”

“मी सांगेपर्यंत.”

जरा थांबून तिने एकेक तार अलगद ओढून काढली. भिंत केसभर खाली बसली. आता जोड धरेपर्यंत ती तसूभरही ढळता कामा नये. ढळली तर आत बुडबुडे शिरणार आणि दोन्ही शीट भंगारात. थोरल्यालाही ते ठाऊक होतं. वडिलांच्या हाताखाली तोही चार दिवस उभा राहिला होता. मग गिऱ्हाइकं सांभाळायला तो बाहेर पडला आणि जोडकाम धाकटीकडे आलं.

हातमोजे काढून ती शीटच्या पलीकडे, बरोबर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“सकाळी दवाखान्यातल्या त्या सफाईच्या मावशींना भेटून आले.”

थोरल्याने मान वर केली.

“त्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे. मला म्हणतात, ‘जाऊ दे गं पोरी, नवा हात आहे, चुकतं माणूस.’ नवा हात! माझा!”

“अगं, हे आत्ता कशाला...”

“आत्ताच. हलू नकोस.”

लहान मुलांच्या दवाखान्यासाठी केलेली टाकी मागच्या आठवड्यात अजून वाळत होती. हात लावू नकोस, असं बजावून धाकटी आईला डोळे तपासायला घेऊन गेली. तिची पाठ वळताच थोरल्याने टाकी टेम्पोत चढवली, कारण त्याने शब्द देऊन ठेवला होता. टाकी बसली, भरली, मासे सोडले. दुसऱ्या दिवशी एक जोड उकलला. समोर बसलेली मुलं थोडक्यात वाचली. पाणी पुसायला धावलेल्या मावशी घसरल्या. धाकटीने तेव्हाच थोरल्याला फैलावर घेतलं होतं. ‘तिथलं मी निस्तरतो, दुसरी टाकीही देऊ,’ असं म्हणून त्याने विषय मिटवला. काय निस्तरलं होतं ते तिला आज कळलं.

“‘बहीण शिकाऊ आहे, तिच्या हातून राहिलं.’ असंच सांगितलंस ना?”

“काम हातचं गेलं असतं.”

“म्हणून माझं नाक कापलंस?”

“तुझं काय जातंय? तू इथे आत असतेस. लोकांना तोंड मला दाखवावं लागतं.”

धाकटीची कानशिलं तापली. समोरच्या शीटला एक धक्का द्यावा असं तिला वाटलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“ज्या हाताचं खातोस, दादा, त्याच हाताला नावं ठेवलीस.”

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा होता.

“राहू दे. मी नंतर बोलतो.”

धाकटीने फोन उचलला, स्पीकर लावला आणि त्याच्या हातालगतच ठेवला.

“नमस्कार. दादाच्या हातात काम आहे. मी त्याची बहीण.”

“हां, त्या शिकाऊ का?”

“शिकाऊ नाही. बाबांनंतर इथली प्रत्येक टाकी मीच जोडलीय. तुमची टाकी वाळली नव्हती. मला न विचारता उचलली ती.”

“उचलली? कुणी?”

धाकटी थोरल्याकडे बघत राहिली. एक हात सोडला असता तर फोन त्याला सहज बंद करता आला असता. कपाळावरचा घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. त्याने डोळा मिटला, उघडला. शीटवरचे तळवे पांढरे पडले होते, पण जागचे हलले नाहीत.

“मी,” तो म्हणाला. मग घसा खाकरून मोठ्याने, “मी उचलली, डॉक्टर. तिने नको म्हणून बजावलं होतं.”

“मावशींना हे तुम्ही स्वतः येऊन सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “टाकीचं मग बघू.”

फोन बंद झाला.

“गेलं काम,” थोरला म्हणाला.

“गेलं तर गेलं.”

तिने वाकून जोडावर बॅटरीचा उजेड टाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही बुडबुडा नव्हता. तिने दोनदा पाहिलं.

“सोड.”

त्याने हात खाली घेतले.

“गेला राग?”

“नाही.”

तिने हातमोजे चढवले आणि तळाच्या दुसऱ्या कडेवर तारा मांडायला घेतल्या. थोरला जरा वेळ दाराकडे बघत उभा राहिला. मग त्याने फडक्याला हात पुसले आणि भिंतीशी ठेवलेली दुसरी शीट कडेने उचलून आणली.

“आता काय ऐकवणार आहेस?”

“नीट धर,” धाकटी म्हणाली, “आधी तारा काढू दे.”